थांब, जाऊ

तिचं नाव आम्हांला घेताच आलं नाही.
थ आणि म यांच्या मधे बारीकशी पोकळी आहे,
तिथं आमची जीभ पाय घसरून पडे.
मग गावाला जे ऐकू आलं तेच गावानं ठेवलं : थांब.
अंगणवाडीतली पोरं ओरडत, ए थांब,
आणि ती चालता चालताच ओ देई.
लाखांदूरच्या एसटीत कंडक्टर दारातून ओरडला, थांब,
तर ही मागच्या बाकावरून म्हणाली, हो.

सासूनं सुजाता ठेवलं. खिरीची सुजाता.
नवं लुगडं अंगावर घालून बघावं
तसं तिनं ते नाव घालून बघितलं,
घडी करून ठेवलं.
खरं नाव काय, ते पुढं एकदा कळलं :
चुलीवर चिन्नोर शिजताना
गल्लीच्या तोंडापर्यंत जो वास जातो,
तो.

माझा दीर मलेशियात हातमोज्यांच्या कारखान्यात होता.
ही त्याच्या शेजारच्या पट्ट्यावर.
त्याला हिची भाषा येत नव्हती, हिला त्याची.
संसार उभा राहिला तिसऱ्याच देशाच्या बोलीत,
भांडणंही त्यातच.
आम्ही दाराआड कान देऊन उभ्या,
ना बाजू घेता येई ना चहाडी करता येई.

मी मूर्तिजापूरकडची. कापूस वेचलेली.
पहिल्या रोवणीला माझे पऱ्हे पाण्यावर तरंगले,
बाया आठ दिवस हसल्या.
पुढं नऊ वर्षं मी चिखल शिकले.
ती आली आणि कोणाला न विचारता बांधीत उतरली.
पेंढी डाव्या हातात,
उजवा अंगठा चिखलात, बाहेर, चिखलात,
मागं मागं सरत गेली,
जशी बांधी तिच्या माहेरची होती
आणि आम्हीच कुठून कुठून आलेल्या.
सोनाबाई म्हणाली, हिले दोघीचा रोज द्या.
दिला मात्र कोणी नाही.

बोडीतले झिंगे मीठ लावून
तिनं बरणीत भरले, स्लॅबवर उन्हात ठेवले.
महिन्यानं सासूनं बरणी उकिरड्यावर रिकामी केली.
घरात मेलं का काई, म्हणाली.
ती काही बोलली नाही.
बरणी राखेनं घासली, पालथी घातली.
वर्षभर पालथीच होती.
वास येतो, हे सासूला सांगितलं होतं
मी.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर रेंज मिळते.
तिथं बसून ती आईशी बोलते.
आवाज चढतो, उतरतो, मधेच मोडतो.
धुणं धुणाऱ्या बाया म्हणतात, गाते वाटते.
गात नाही.
मला आता मोडलेला आवाज ओळखू येतो,
त्यातलं अक्षरही कळत नसताना.

दरसाल भंडाऱ्याला जावं लागतं,
परदेशी बाई अजून इथंच आहे, असं लिहून द्यायला.
यंदा दीर नव्हता, मी गेले.
साहेबानं विचारलं, तुम्ही हिच्या कोण?
जाऊ.
त्यानं यादी वरखाली केली.
जाऊ नाही यात. नातेवाईक टाकतो.
तिनं माझ्याकडं वळून बघितलं.
पुन्हा म्हण, म्हणाली.
जाऊ.
तिच्या गावीही असाच काहीसा शब्द आहे म्हणे,
त्याचा अर्थ सून.
आणि एकाच घरात दिल्या गेलेल्या दोघींना म्हणतात
ची एम जाऊ :
थोरली बहीण, धाकटी बहीण,
सून झाल्यामुळं झालेल्या.
साहेब म्हणाला, सही करा.

स्टँडवर तिनं पेरूच्या फोडी घेतल्या,
तिखटमीठ जास्तीचं मागून.
गाडी लागत होती.
मी म्हटलं, थांब.
तिनं मान वर केली.
बरणीचं सांगायचं होतं.
ती म्हणाली, जाऊ.
मला हाक मारली
की निघू या म्हणाली,
कळलं नाही.